पुढची चाके लटपटतात तेव्हा...

कबनूर - इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरच्या रस्त्यांवर दिवसभर ओझ्याच्या वाहनांची ये-जा असते. सायझिंगमधून यंत्रमागांकडे बीम नेणारे टेंपो, कापडाचे तागे भरलेल्या गाड्या, आसपासच्या गावांतून माणसे आणणाऱ्या वडापच्या जीप आणि साखर हंगामात ऊस वाहणारे ट्रक व ट्रॅक्टर या सर्वांचा त्यात समावेश असतो. यातील बरीच वाहने जुनी आहेत. ती विकून नवी घेणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची मिळकतही बुडते. अशा गाडीचे स्टेअरिंग एखाद्या खड्ड्यानंतर अचानक हातात नाचू लागले, पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे फडफडू लागली, की चालकाचा थरकाप उडतो. वेग कमी केला की हा प्रकार थांबतो आणि 'पुढे बघू' म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते. ही चालढकल महागात पडू शकते. चाकांची लटपट हे पुढच्या भागातील काही तरी झिजल्याचे लक्षण असते. नेमका झिजलेला भाग शोधून तो बदलणे, हाच त्यावरील खरा उपाय होय.

लटपट म्हणजे नेमके काय?

गॅरेजच्या भाषेत 'गाडी वॉबल मारते' असे सरसकट म्हटले जाते. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिला प्रकार साध्या थरथरीचा. गाडी ठराविक वेगाला, बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली की स्टेअरिंग बारीक थरथरते आणि वेग आणखी वाढविला किंवा कमी केला की थरथर थांबते. चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे नसणे, डिस्क वाकलेली असणे किंवा टायर एका जागी फुगलेला असणे, ही याची नेहमीची कारणे. चाकाचे बॅलन्सिंग केले किंवा टायर बदलला की ती बहुधा जाते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर. गाडी ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या वेगात असताना एखादा खड्डा, साईडपट्टीची कड किंवा पुलावरील सांधा लागतो आणि पुढची चाके एकदम डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतात. धक्का संपला तरी हेलकावे संपत नाहीत. उलट वाढत जातात. अभियांत्रिकीच्या भाषेत याला 'शिमी' म्हणतात.

दवाखान्यातील स्ट्रेचर किंवा रेल्वे स्थानकावरील सामानाची ढकलगाडी वेगाने ढकलली, तर तिचे पुढचे छोटे चाक कसे फडफडते, हे अनेकांनी पाहिले असेल. मोटारीच्या पुढच्या चाकांचेही तसेच होते. चाक ज्या उभ्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष किंचित मागे कललेला असतो. या कलाला 'कास्टर' म्हणतात. त्यामुळे वळणानंतर चाक आपोआप सरळ होते. सरळ होताना ते थोडे पलीकडे जाते, टायरची लवचिकता त्याला पुन्हा अलीकडे ढकलते. सर्व सांधे घट्ट असतील तर हे हेलकावे एक-दोन झोक्यांतच विरतात. सांध्यांत सैलपणा असेल, तर त्या रिकाम्या जागेत चाकाला कोणीही अडवीत नाही. गाडीच्या वेगातून त्याला सतत ऊर्जा मिळत राहते आणि झोका मोठा होत जातो. वेग कमी होईपर्यंत तो थांबत नाही, याचे कारण हेच.

शंभर वर्षांपूर्वीचे कोडे

हा दोष नवा नाही. १९२० च्या दशकात कमी हवेचे रुंद 'बलून' टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक वापरात आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतील मोटार कारखानदारांना या लटपटीने हैराण केले. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५ मध्ये या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास मांडला. त्या काळच्या बहुतेक मोटारींची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड अॅक्सलला जोडलेली असत. एक चाक उंचवट्यावर चढले की संपूर्ण अॅक्सल कलतो. वेगाने फिरणारे चाक असे कलले, की ते भोवऱ्याप्रमाणे वागते आणि आपोआप एका बाजूला वळू पाहते. टाय रॉडमुळे दुसरे चाकही त्याच्याबरोबर वळते. याला उत्तर म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खाली-वर होईल अशी रचना पुढे आली. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या मोटारींत तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. तथापि, जीप आणि ट्रक यांसारख्या वाहनांत मजबुतीसाठी अखंड अॅक्सल आणि पाटे कायम राहिले. म्हणूनच मोठ्या लटपटीची तक्रार आजही मुख्यत्वे याच वाहनांत आढळते.

कोणत्या गाडीत काय झिजते?

दुरुस्तीपूर्वी आपल्या गाडीची पुढची रचना कोणती आहे, हे माहीत असणे आवश्यक आहे.

जुनी जीप, कमांडर, मेजर आणि ट्रक : महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. त्या परंपरेतील जुन्या गाड्यांत पुढे अखंड अॅक्सल आणि पाटे असतात. चाक किंग पिनभोवती वळते. दोन्ही चाके टाय रॉडने जोडलेली असतात आणि स्टेअरिंग बॉक्सची ओढ ड्रॅग लिंकमार्फत चाकांपर्यंत पोचते. येथे किंग पिन व तिचे बुश किंवा बेअरिंग, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे सांधे, पाट्याचे व शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट या जागा पाहाव्या लागतात.

सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्या : १९९४ मध्ये बाजारात आलेली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेली टाटा सुमो, तसेच २००० मध्ये आलेली बोलेरो यांत पुढची चाके स्वतंत्र आहेत. चाक वरच्या आणि खालच्या आर्मला बॉल जॉइंटने जोडलेले असते. त्यामुळे बॉल जॉइंट, आर्मचे रबरी बुश आणि स्टेअरिंगचे दांडे हे संशयित ठरतात.

मारुती ८०० आणि ओम्नी : १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८०० आणि १९८४ ते २०१९ या काळातील ओम्नी यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो. शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच नळकांड्यात बसविण्याची ही रचना अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. मारुती ८०० मध्ये स्टॅबिलायझर बार खालच्या आर्मला मागे-पुढे सरकण्यापासून रोखतो. त्याचे बुश झिजले की ब्रेक मारताच चाक मागे सरकते आणि स्टेअरिंग हलते. स्ट्रटच्या वरच्या टोकाचे माउंटिंग, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड येथेही झीज होते.

अॅम्बॅसिडर : २०१४ मध्ये उत्तरपाडा येथील उत्पादन बंद पडले, तरी हौसेने सांभाळलेल्या अॅम्बॅसिडर अजून दिसतात. हिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो. तो बसला की गाडी पुढून खाली येते आणि चाकांचे कोन बदलतात.

लक्षणांवरून अंदाज

प्रत्यक्ष तपासणीपूर्वी चालकाने काही गोष्टी नोंदवून मिस्त्रीला सांगितल्या, तर निम्मे काम सोपे होते.

* ठराविक वेगालाच बारीक थरथर : चाकाचे बॅलन्सिंग, टायर किंवा डिस्क.

* फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर : ब्रेक डिस्क किंवा ड्रम वाकडा असणे, क्वचित बुश झिजलेले असणे.

* खड्ड्यानंतर सुरू होणारी व वेग कमी करेपर्यंत न थांबणारी लटपट : किंग पिन, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पाट्याचे बुश, कास्टर.

* स्टेअरिंग बरेच फिरविल्यावर मग चाक वळणे : स्टेअरिंग बॉक्स किंवा दांड्यांतील सैलपणा.

* खड्ड्यात 'खट्ट' असा आवाज : बॉल जॉइंट, बुश किंवा शॉक अॅब्सॉर्बरचे माउंटिंग.

* वेगानुसार वाढणारी सलग घरघर : व्हील बेअरिंग.

* टायरची एकच कड झिजणे किंवा टायरवर लाटेसारखे खळगे पडणे : चाकांचे कोन बिघडणे किंवा शॉक अॅब्सॉर्बर निकामी होणे.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे

घाईघाईने महागडे भाग बदलण्याआधी साध्या गोष्टींपासून सुरुवात करणे हिताचे ठरते.

प्रथम टायर. दोन्ही पुढच्या टायरमधील हवा सारखी आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात आहे का, ते पाहावे. एका बाजूस रेडियल आणि दुसऱ्या बाजूस साधा नायलॉन टायर असेल, तर पुढची सर्व तपासणी निरर्थक ठरते. टायरचा फुगवटा, डिस्कचा वाकडेपणा आणि चाकाचे नट पाहावेत. पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून पाहिल्यास लटपटीचे स्वरूप बदलते का, ही परीक्षा फुकट होते.

दुसरी पायरी चाक उचलून पाहण्याची. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना ओट लावावी, पुढचे चाक जॅकने उचलावे आणि गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. मग चाकाला घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. चाक हलत असेल, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे आणि पुन्हा हलवून पाहावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर दोष व्हील बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही चाक हलले, तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. त्यानंतर चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. येथे सैलपणा आढळल्यास टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचे सांधे संशयास्पद ठरतात.

बॉल जॉइंट तपासताना एक बारकावा लक्षात ठेवावा. ज्या आर्मवर स्प्रिंगचा दाब असतो, त्याच्या सांध्यावरील भार जॅक योग्य जागी लावूनच कमी होतो. भार असताना झिजलेला सांधाही घट्ट भासतो आणि तपासणी फसते.

तिसरी पायरी सर्वांत उपयोगी आणि सर्वाधिक दुर्लक्षित. चाके जमिनीवर टेकलेली असताना एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. एक दांडा हलतो, पण त्याला जोडलेला पुढचा भाग क्षणभर उशिरा हलतो, असे जेथे जाणवेल तेथे सैलपणा आहे. स्टेअरिंग बॉक्स ज्या बोल्टांनी चासीला बसविलेला असतो, ते बोल्ट सैल असणे किंवा तेथे चासीलाच तडा असणे, हेही याच वेळी ध्यानात येते.

चौथी पायरी पाट्यांची. शॅकलचे बुश, पाट्याच्या डोळ्यातील बुश, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट तपासावेत. यू-बोल्ट सैल झाले की अॅक्सल पाट्यावर किंचित सरकतो आणि चाकांची सरळ रेषा बिघडते. तुटलेला पाटा चिखलाखाली झाकलेला असतो. म्हणून तपासणीपूर्वी गाडी खालून धुऊन घ्यावी.

शेवटी शॉक अॅब्सॉर्बर. त्यातून तेल गळत असेल किंवा गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीन वेळा झुलत राहिली, तर तो निकामी झाला आहे. मात्र शॉक अॅब्सॉर्बर लटपटीचे मूळ कारण क्वचितच असतो. तो चांगला असेल तर झोके लवकर विरतात. तो गेला की इतर सांध्यांचा दोष उघडा पडतो.

भाग बदलताना

झीज कोठे आहे हे निश्चित झाल्यावर सुटे भाग बदलण्याचे काम तितक्याच काळजीने करावे लागते.

टाय रॉड एंड काढताना हातोड्याचे घाव घालून तो निघतो, पण त्यात नकल किंवा आर्मला इजा होण्याचा धोका असतो. त्यासाठी पुलर वापरणे श्रेयस्कर. जुना एंड काढण्यापूर्वी त्याचे किती आटे आत आहेत, ते मोजून ठेवावे आणि नवा तितकाच आत बसवावा. चाकांचे अलाइनमेंट त्यामुळे अंदाजे तरी जागेवर राहते आणि गाडी अलाइनमेंटपर्यंत चालवत नेता येते. नटमधील स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीच घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालण्याने वाचणारा खर्च नगण्य आहे. पण ती तुटली तर स्टेअरिंगचा चाकाशी असलेला संबंधच तुटतो.

किंग पिनचे काम अधिक कौशल्याचे. पिन आणि बुश दोन्ही बदलावे लागतात. नवा बुश दाबून बसविल्यावर तो रीमरने योग्य मापाचा करून घ्यावा लागतो. जास्त कापला तर नव्या पिनमध्येही पहिल्याच दिवशी सैलपणा राहतो. कमी कापला तर स्टेअरिंग जड होते. चारही चाकांना ओढ असलेल्या जुन्या जीपमध्ये बुशऐवजी बेअरिंग असते आणि त्याचा ताण पातळ चकत्या घालून किंवा काढून ठरविला जातो. हे काम तयारीच्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

रबरी बुश बसविताना होणारी चूक सार्वत्रिक आहे. गाडी उचललेल्या अवस्थेतच बोल्ट पूर्ण घट्ट केले जातात. गाडी खाली आल्यावर आर्म वर सरकतो आणि बुश कायमचा पिळलेल्या स्थितीत राहतो. असा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी केल्यावर मगच टॉर्क रेंचने घट्ट करणे योग्य.

व्हील बेअरिंगची भरती हाही नाजूक विषय आहे. जुन्या गाड्यांतील निमुळते बेअरिंग घट्ट करताना चाक फिरवत राहावे आणि शेवटी नट किंचित सैल करावा. सैलपणा घालविण्यासाठी नट आवळून ठेवला, तर बेअरिंग तापते आणि जळते.

बुश, बॉल जॉइंट आणि शॉक अॅब्सॉर्बर शक्यतो जोडीने बदलावेत. एक बाजू नवी आणि एक बाजू झिजलेली राहिली, तर गाडी एका अंगाला ओढते. ज्या सांध्यांना ग्रीस निपल आहेत, तेथे काम झाल्यावर ताजे ग्रीस भरावे. नवे यू-बोल्ट बसविल्यानंतर काहीशे किलोमीटर गाडी चालवून ते पुन्हा आवळावेत, कारण पाटे बसल्यावर ते थोडे सैल होतात.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी

सांधे सैल असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. यंत्रावर आकडा बरोबर दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात बिघडतो. त्यामुळे आधी झिजलेले भाग, मग अलाइनमेंट, हा क्रम मोडू नये. टो-इन, कॅंबर आणि कास्टर यांचे आकडे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. टायर साध्यावरून रेडियल केले असतील, तर टो-इनचा आकडाही तपासून घ्यावा.

पाट्यांच्या गाडीत कास्टरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पाटे बसले, जास्तीचे पाटे घातले किंवा लांब शॅकल लावले की कास्टर बदलतो. तो कमी झाला तर गाडी भरकटते, प्रमाणाबाहेर वाढला तर लटपटीला आमंत्रण मिळते. वडापच्या जीपमध्ये मागे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसविली की गाडीचे नाक वर उचलले जाते, पुढच्या चाकांवरील भार घटतो आणि कास्टर वाढतो. रिकामी असताना नीट चालणारी जीप भरल्यावर का लटपटते, याचे उत्तर येथे मिळते. ही चूक सुटे भाग बदलून सुधारत नाही. अॅक्सल आणि पाट्यांमध्ये निमुळती पाचर घालून कास्टर दुरुस्त करता येतो. मात्र त्याआधी पाटे मूळ अवस्थेत आणावेत.

पाणी, चिखल आणि हंगाम

पंचगंगेच्या खोऱ्यातील वाहनांना झिजेची काही खास कारणे आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यात असंख्य वाहने पाण्यात उभी राहिली. पुराचे गढूळ पाणी बेअरिंगमध्ये आणि बॉल जॉइंटच्या फाटलेल्या रबरी टोपीतून आत शिरते. ग्रीस धुऊन जाते आणि बारीक गाळ आत राहतो. इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी वाचली, असे समजून ती वापरात आणली जाते. काही महिन्यांनी चाक घरघरू लागते. पाण्यात राहिलेल्या गाडीची चारही चाकांची बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे हे इंजिनाच्या दुरुस्तीइतकेच आवश्यक आहे.

काळ्या मातीचा चिखलही कमी त्रासदायक नाही. तो शॅकलभोवती वाळून घट्ट बसतो आणि बुशला हलू देत नाही. डिस्कच्या आतल्या बाजूस चिखलाचा गोळा चिकटला, तरी चाकाचा तोल बिघडून थरथर सुरू होते. अशा वेळी गॅरेज गाठण्यापूर्वी चाके आतून धुऊन पाहावीत. उसाच्या हंगामाआधी, म्हणजे पावसाळा संपताच पुढच्या भागाची एकदा तपासणी केली, तर ऐन हंगामात गाडी उभी राहण्याची वेळ टळते.

तात्पुरत्या उपायांचा मोह

लटपट थांबविण्याचे काही झटपट उपाय प्रचलित आहेत. स्टेअरिंगला आडवा डँपर बसविणे, हा त्यातील एक. चांगल्या अवस्थेतील गाडीत डँपर उपयुक्त असतो. झिजलेल्या गाडीत मात्र तो फक्त लक्षण झाकतो. आतली झीज चालूच राहते आणि डँपर निकामी झाला की लटपट आधीपेक्षा मोठी होऊन परतते. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ काढणे हाही असाच प्रकार. मर्यादेपलीकडे आवळल्यास स्टेअरिंग वळणानंतर सरळ येत नाही आणि आतील दाते खराब होतात. झिजलेल्या सांध्यात पत्रा घालणे किंवा टाय रॉड एंडला वेल्डिंग करणे तर सर्वस्वी धोक्याचे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि भाग कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकतो.

सुटे भाग घेतानाही स्वस्ताईचा मोह आवरावा. स्टेअरिंगच्या सांध्यांसाठी नामांकित बनावटीचाच माल घ्यावा आणि बिल मागून घ्यावे. मोडीतून काढलेला पाटा किंवा डिस्क तपासून वापरता येते. मोडीतील टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट वापरू नये.

रस्त्यात लटपट सुरू झाली तर...

* घाबरून जोरात ब्रेक दाबू नये. ब्रेकमुळे वजन पुढच्या चाकांवर येते आणि हेलकावे वाढू शकतात.

* अॅक्सिलरेटर सोडावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. गरज भासल्यास ब्रेक अगदी हलका लावावा.

* स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरावे, पण हेलकाव्यांच्या उलट झटके देऊ नयेत. अंगठे स्टेअरिंगच्या आड्यांत अडकवू नयेत. झटक्याने दुखापत होते.

* वेग कमी झाल्यावर गाडी कडेला घ्यावी, मागच्या वाहनांना इशारा द्यावा आणि चाकाचे नट व स्टेअरिंगचे दांडे नजरेखालून घालावेत.

* एखादा सांधा उघडपणे सुटत आलेला दिसल्यास गाडी हळू चालवून नेण्याचाही प्रयत्न करू नये, ओढून न्यावी.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंगमधील मोकळा खेळ स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. स्टेअरिंगच्या दांड्यांतील बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा रीतीने अडकविलेल्या असाव्यात, असेही हा नियम सांगतो. म्हणजे फाटलेली रबरी टोपी आणि नसलेली स्प्लिट पिन या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी कायद्याच्या दृष्टीनेही दोष आहेत. प्रवासी व मालवाहू वाहनांना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ते दर वर्षी घ्यावे लागते. खासगी मोटारींची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते.

जुनी गाडी ठेवण्याचा खर्चही वाढला आहे. खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते आणखी वाढविण्यात आले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात स्वयंचलित यंत्रांवरील तपासणीवर भर आहे. मिस्त्रीच्या नजरेतून सुटलेला सैलपणा यंत्रावर सुटेलच असे नाही.

दुरुस्ती की मोडीत?

हा निर्णय पुढच्या भागाच्या झिजेवरून घेऊ नये. बुश, सांधे, बेअरिंग हे झिजण्यासाठीच बनविलेले भाग आहेत आणि ते बदलता येतात. गाडीचे आयुष्य संपले का, हे चासी सांगते. पाट्याचे ब्रॅकेट, स्टेअरिंग बॉक्सची बैठक, मारुतीसारख्या गाडीत स्ट्रटच्या वरच्या टोकाजवळचा पत्रा येथे गंज खोलवर गेला असेल, तर नवे भाग कशाच्या आधारावर बसवायचे, हा प्रश्न उरतो. अशा गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. चासी शाबूत असेल, तर पुढचा भाग नीट करून घेतलेली जुनी गाडी आणखी काही वर्षे निर्धास्त चालते.

काम पूर्ण झाल्यावर गाडी रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींत, ओळखीच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवीत चालवून पाहावी. बदललेले जुने भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावेत आणि हातात धरून हलवून पाहावेत. सांध्यातील खेळ बोटांना जाणवला, तर खर्च योग्य जागी झाला असे समजावे. तो जाणवला नाही, तर मूळ दोष अजून गाडीतच आहे आणि तपासणी पहिल्या पायरीपासून पुन्हा करावी लागेल.